कोपऱ्यातल्या खोलीचा वाफा

मी आंघोळ केली की नाही, हे विचारण्याचा हक्क माझ्या आयुष्यात दोनच माणसांनी बजावला. एक माझी आई आणि दुसरे माझे घरमालक. आई निदान माझं तोंड पाहून ओळखायची. घरमालक झेंडू पाहून ओळखायचे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कारकून म्हणून माझी पहिली नेमणूक झाली. मी चंद्रपूरचा, म्हणजे फार लांबचा नव्हे. पण रोज जाऊन-येऊन करण्यासारखंही अंतर नव्हतं. खोली शोधत होतो तेव्हा पानठेल्यावरच्या माणसानं भाऊंचं घर दाखवलं. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, त्यांची बायकोही भाऊच म्हणायची. मी गेलो तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून माती चिवडत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी मुलाखत सुरू केली.

"खर्रा खाता?"

"नाई."

"गाणे-बिणे जोरात लावता?"

"नाई."

"दिवसाले किती बकेट आंग धुता?"

नळाच्या रांगेत वाढलेला माणूस मी. घरमालकाला खूश करायची अशी संधी पुन्हा येणार नाही असं वाटून छाती फुगवून म्हणालो, "एकच, भाऊ. थंडीत तर अर्धीतच भागते."

भाऊंचा चेहरा पडला. घराकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली, "ऐकलं काय वं? अजून एक कोरडा आला!"

आतून बाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "मंग त्याले कोपऱ्यातली द्या!"

या कोपऱ्यातल्या खोलीचा अर्थ मला सामान लावून झाल्यावर कळला. भाऊंच्या घरामागं भाड्याच्या चार खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीला स्वतःची न्हाणी. प्रत्येक न्हाणीतून विटांचा एक पाट निघून घराला वळसा घालून पुढच्या अंगणात, अगदी रस्त्याला लागून असलेल्या एकेका वाफ्यात जायचा. ज्याची न्हाणी त्याचा वाफा. कोपऱ्यातल्या खोलीचा वाफा सगळ्यांत लहान, म्हणून ती कोरड्या माणसाची. दुसरं थेंबभर पाणी त्या वाफ्याला मिळायचं नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं की नळी लावून सरळ पाणी का नाही देत, तर भाऊ असे बघायला लागले की मी जणू देवळात चप्पल घालून शिरलो होतो.

"नळाचं पाणी माणसासाठी येते," ते म्हणाले. "ते पयले माणसाले भेटलं पायजे, मंग झाडाले. सरळ झाडाले ओतनं म्हंजे चोरी."

पाऊस होता तोवर माझं निभावलं. वरून पाणी पडत होतं, कोण किती आंघोळ करतो हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. पण दसरा झाला, आभाळ मोकळं झालं, भाऊंनी चारही वाफे खणून नवी रोपं लावली आणि आम्हां भाडेकरूंची अब्रू रस्त्यावर आली. पहिल्या खोलीत एसटीतले एक कंडक्टर राहायचे. दिवसभर जंगलातल्या रस्त्यांची लाल धूळ खाऊन आलेला तो माणूस तीन-तीन बकेटा अंगावर घ्यायचा. त्यांची शेवंती बघायला गल्लीतल्या बायका थांबायच्या. ते दोन दिवस मुक्कामी गाडीवर गेले की शेवंती मान टाकायची आणि लोक घरी न विचारताच समजायचे की कंडक्टर गावात नाहीत. मधल्या दोन खोल्यांत लेकुरवाळी कुटुंबं होती, त्यांचे वाफे तर विचारूच नका.

माझ्या वाट्याला झेंडू आला होता. कोजागिरीनंतर तिकडे सकाळी अंगावर काटा येतो. मी दोन तांबे घेऊन कावळ्याची आंघोळ उरकायचो आणि पावडर लावून ऑफिसात जायचो. ऑफिसात कुणाला कळायचं नाही. पण रस्त्यानं जाणारा दूधवाला सायकलवरून ओरडायचा, "काय बाबू, आज पन नाई काय?"

एकदा मी डोक्याला नवीन शाम्पू लावला. संध्याकाळी भाऊ दारात उभे. "ते काय लावलं तुमी? झेंडूले उलट्या होऊन राह्यल्या." मी जाऊन बघितलं तर पाटाला खरंच फेस साठला होता.

भाऊ असे का होते, हे कळायला त्यांची नोकरी माहीत हवी. तीस वर्षं ते गावाच्या नळयोजनेवर वॉलमन होते. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. रस्त्यातल्या खड्ड्यातले वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, फिरवायची टी-आकाराची, छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी घेऊन ते पहाटेपासून हिंडायचे. निवृत्त झाले तेव्हा नवीन चाव्या आल्या होत्या, म्हणून जुनी यांनाच देऊन टाकली. आता तिचा उपयोग काठी म्हणून, कुत्रं हाकलायला आणि दोन रोपांतलं अंतर मोजायला व्हायचा.

घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा टाकायचा, तो चघळून संपला की वॉल बंद करायचा. एका खर्र्याला एक गल्ली. गावाचा त्यावर विश्वास होता. मग दाताच्या डॉक्टरनं खर्रा बंद केला आणि आठवडाभर कुणाच्या घरात पूर आणि कुणाचे हंडे कोरडे, असा प्रकार चालला. शेवटी बाईंनी तोडगा काढला. खर्र्याऐवजी भाजलेले चणे, मोजून एक मूठ. पाणी पुन्हा वेळेवर आलं.

त्याच काळातली एक गोष्ट कंडक्टर रंगवून सांगायचे. सरकारी बंगल्यावर कुणीतरी साहेब राहायला आले होते. साहेबांच्या बाईंना हिरवंगार लॉन पाहिजे होतं. त्यांनी भाऊंना बोलावून चहा पाजला आणि उद्यापासून अर्धा तास पाणी जास्त सोडा म्हणून सांगितलं. भाऊंनी चहा प्यायला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच अर्धा तास जास्त सोडलं. फक्त त्या वॉलवर बंगल्यासकट सगळी वस्ती होती. वस्तीतल्या बायकांनी घरातल्या गोधड्यासुद्धा धुऊन काढल्या. चौथ्या दिवशी वस्ती हार घेऊन साहेबांचे आभार मानायला गेली. हार गळ्यात पडल्यावर साहेब काय बोलणार? बदली होईपर्यंत ते अर्धा तास जास्त पाणी सगळ्यांना मिळत राहिलं. मी भाऊंना विचारलं, हे तुम्ही मुद्दाम केलं ना? ते म्हणाले, "वॉल एकच हाय. मी काय करू?"

पण भाऊंचा खरा छंद पाणी सोडण्याचा नव्हताच, थांबण्याचा होता. जमीन खणण्याजोगी, लावण्याजोगी होते, फार ओली नाही आणि फार कोरडी नाही, त्याला शेतकरी वापसा म्हणतात. भाऊ मूठभर माती घेऊन दाबून तिचा लाडू करायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचे. लाडू थप्पकन तसाच पडला तर माती ओली, लाडू वळलाच नाही तर कोरडी, आणि पडून भुगा झाला तर वापसा. वापसा आल्याशिवाय ते वाफ्यात पाऊल टाकत नसत आणि कुणाला टाकू देत नसत.

हाच नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. शेजारचा माणूस बकरीवरून भांडायला आला की ते त्याला खाट द्यायचे, पाणी द्यायचे आणि स्वतः घरात जाऊन बसायचे. "ओला हाय अजून. आता बोललो तर चिकटन." तासाभरानं बाहेर यायचे तोवर तो माणूस कंटाळून बाईंशी पावसापाण्याच्या गप्पा मारत असायचा. बाई मात्र यावर खार खाऊन होत्या. "लग्न होऊन मी इथी आली तं तीन महिने धड बोलले नाई हे," त्या मला सांगायच्या. "माहेरची आठवन येऊन राह्यली असन म्हणे, वापसा होऊ दे म्हणे. मले वाटलं मुका नवरा पदरात पडला!"

हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. ती पाळी माझ्यावर यायला वर्षही लागलं नाही.

आमच्या ऑफिसात आवक-जावकचं टेबल सांभाळणारी एक मुलगी होती. आमचं जमलं होतं. ती वैनगंगेकाठच्या एका गावातली, वडील धानाचे शेतकरी. तिनं घरी सांगितलं, तर वडिलांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले की पोरगा राहतो कसा ते मी आधी पाहीन आणि घरमालकाला विचारीन. दुसरीकडे तिच्या आत्यानं ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. धान कापणीला लागायच्या आत काय ते ठरवायचं, असा घरात निकाल झाला होता. तिनं भाऊंचा नंबर माझ्याकडून घेऊन वडिलांना दिला आणि मी घरी येऊन वाफ्याकडे बघितलं.

झेंडू वाळून काड्या झाला होता. शेजारी कंडक्टरची शेवंती डोलत होती. धानाचा शेतकरी माणूस रस्त्यावरून येतानाच हे बघणार, आणि भाऊंना विचारलं की ते सरळ सांगणार, हा वाफा याच्या आंघोळीचा.

मग मी ते पाप केलं. दुपारच्या सुट्टीत भाऊ तोंडावर दुपट्टा घेऊन झोपायचे. त्या वेळात ऑफिसमागच्या बोरिंगवरून पाणी हापसायचं आणि वाफ्यात ओतायचं. पहिल्या दिवशी चार बकेटा, मग सहा, मग आठ. झेंडूनं दोन दिवस मान वर केली, मला वाटलं जिंकलो. मग पानं पिवळी पडली, बुंधे काळे झाले आणि आठवड्याच्या शेवटी सगळा वाफा एका अंगावर लोळला.

संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर भाऊ वाफ्यापाशी बसून होते. त्यांनी मूठभर माती घेतली, लाडू केला, सोडला. थप्प. मग ती माती नाकाशी नेली.

"बाबू, हे पाणी तुमच्या आंगावरून आलं नाई. साबन नाई, घाम नाई. हे बोरिंगचं हाय."

"झाडं सुकून राह्यली होती, भाऊ..."

"सुकलेलं झाड मी वाचवतो. हे बुडालं. काऊन केलं गा तू असं?"

तिथं माझा 'तुमी'चा 'तू' झाला आणि तो पुढे कायम राहिला. मला लाज वाटली, आणि खोटं बोलायचंही सुचेना. मी सगळं सांगून टाकलं. ती मुलगी, वडील, आत्या, ब्रह्मपुरी. भाऊ ऐकता ऐकता हसायला लागले. "म्हंजे झेंडू दाखवून लग्न करतो काय तू?"

"हसू नोका. तुमी फक्त येवढंच सांगा, पोरगा चांगला हाय अन् वाफा किडीनं गेला."

हसणं थांबलं. "पान्याबद्दल मी कधी खोटं बोललो नाई. आता या वयात बोलू?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिचेच वडील होते. मी हात जोडून समोर उभा. भाऊ फोनवर म्हणाले, "पोरगा? हाय ना, इथीच हाय उभा. नाई, नाई, येऊ नोका. अजून टाइम हाय. चार दिवसानं फोन करा." आणि फोन खिशात टाकून म्हणाले, "कुदळ आन."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर मी वाफा खणत होतो. मेलेला झेंडू मुळासकट उपटला. चिखल उलथून उन्हाला पसरला. भाऊ चावीला रेलून उभे. "ढेकूळ फोड. कुदळीनं नाई, हातानं. तुले घाई हाय, मातीले नाई." सकाळी मला त्यांनी दोन बकेटा थंड पाणी सक्तीचं केलं, पण ते माझ्या वाफ्यात यायचं नाही, पाट वळवून शेवंतीला दिला होता. माझ्या आंघोळीवर कंडक्टरची शेवंती माजली.

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. भाऊ म्हणाले, "नाई, अजून नाई. आनखी चार-पाच दिवस थांबा."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले. "तुह्या घरमालकानं बाबाले काय सांगतलं? आत्या म्हणते, मालकच येऊ नोका म्हणते तं पोरात काही तरी खोट असन. मंगळवारी कापनी लागते. त्याच्या आत बाबा आले नाई तं आत्या ब्रह्मपुरीवाल्याले हो म्हणून टाकन."

मी त्या संध्याकाळी कुदळ फेकून दिली. भाऊंना वाटेल ते बोललो. तुमच्या मातीपायी माझा संसार बुडवला, असंही बोललो. ते खाट टाकून घरात निघून गेले. मी खाटेवर बसलो, बाईंनी पाणी दिलं. तासाभरानं भाऊ बाहेर आले. मला कळलं की शेजारच्या बकरीवाल्याच्या जागी आता मी बसलो आहे, आणि रागातही मला हसू आलं. "शेणखत आनलं," ते म्हणाले, "उद्या सकाळी मिसळ." तिचे वडील येणार की नाही, त्याबद्दल एक शब्द नाही.

रविवारी सकाळी तिचे वडील आले. आदल्या रात्री भाऊंनीच फोन करून त्यांना बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. सकाळच्या बसनं, पांढरा सदरा, हातात पिशवी. मी आंघोळ करून, केस चापून खोलीच्या दारात उभा होतो. खोली झाडली होती, चादर नवीन होती, चहाला आलं किसून ठेवलं होतं. त्यांनी खोलीकडे ढुंकून पाहिलं नाही. रस्त्यावरूनच ते वाफ्यांपाशी थांबले. तीन वाफे फुलले होते आणि चौथा उघडाबोडका.

"हा रिकामा काऊन हाय, भाऊ?"

"तो या पोराचा," भाऊ म्हणाले. "पयले आळसानं सुकवला, मंग भेवानं बुडवला. सारे झाडं मारले. दहा दिवसापयले इथी निस्ता चिखल होता."

मी काही बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी मागून माझा शर्ट ओढला. तिचे वडील वाफ्यात उतरून उकिडवे बसले. भाऊ करायचे तसंच त्यांनी मूठभर माती घेतली. दाबली, लाडू केला, वळवून बघितला. उभे राहिले आणि कमरेवरून सोडला.

भुगा झाला.

ते वाकून त्या भुग्याकडे बघत राहिले. "दहा दिवसापयले चिखल होता म्हणता?"

"होय. हातानं फोडला त्यानं. मी नाई लावला हात."

"म्हूनच तुमी मले दोनदा थांबवलं."

"तवा आले असते तं चिखल पाहून गेले असते," भाऊ म्हणाले. "मानसाचा काय अन् वाफ्याचा काय, टाइम पाहूनच पाहा लागते."

तिच्या वडिलांनी हात झटकले. माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. "वापसा आला हाय," ते म्हणाले. "रोप असन तं लावा आता." बाईंनी पाटीतून झेंडूचं एक रोप काढून माझ्या हातात दिलं. मी खड्डा केला आणि रोप बसवलं, तर दोन्ही म्हातारे एका दमात ओरडले, "येवढं खोल नाई!" मला इतका आनंद झाला होता की मी ते दोनदा उपटून तिसऱ्यांदा लावलं. सोमवारी आमची सुपारी फुटली आणि मंगळवारी त्यांच्या धानाच्या बांधीत कापणी लागली.

लग्नात भाऊंनी आहेर म्हणून कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. उघडलं तर साबणाच्या बारा वड्या, झेंडूला चालणाऱ्या. बायकोनं वर्षभर त्या मला पुरवून वापरायला लावल्या.

आता आम्ही चंद्रपूरला असतो. यंदा दिवाळीनंतर दोघं भाऊंना भेटायला गेलो. बाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. खोल्या रिकाम्या, भाडेकरूंना आता आत जोडलेलं बाथरूम लागतं, पाटाच्या न्हाण्या कुणाला नको आहेत. भाऊ खूप वाळले आहेत. चावी हातात आहे, पण आता ती कुत्र्यासाठी नाही, खरंच टेकायला लागते. इतकं असूनही पुढचे चारही वाफे खणून, ढेकळं फोडून, रोपं लावून तयार होते. कसे केले असतील कोण जाणे. रोपांनी माना टाकल्या होत्या. एकट्या म्हाताऱ्याच्या आंघोळीवर चार वाफे कसे जगणार?

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "आंग धुतलं काय?"

"सकाळीच धुतलं भाऊ, घरून निघताना."

"चंद्रपुरात धुतलेलं माह्या काय कामाचं?"

बायको हसायला लागली. मी इस्त्रीचा शर्ट काढून तिच्या हातात दिला आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या न्हाणीत शिरलो. ऐन दुपारी, घड्याळ काढून, एक बकेट अंगावर घेतली. दुसरी घेतली. बाहेरून भाऊंचा आवाज आला, "होऊ दे! येऊन राह्यलं! मधल्याले वळवतो, अजून होऊ दे!" आवाज तीस वर्षांनी लहान झाला होता. मी तिसरी घेतली, चौथी भरली, डोक्याला साबण चोळला आणि तांब्या उचलला, तेवढ्यात चावी पाटाच्या विटेवर खणकन आपटली.

"बस्स! पानी बंद!"

आता माझं वय, हुद्दा, सगळं बाजूला राहिलं. मी तांब्या खाली ठेवला. डोळ्यांत साबण जात होता, त्यातून पाणी यायला लागलं होतं, आणि ते यावं असं मला वाटत होतं. बाहेर बायको भाऊंना विचारत होती, "अवो, त्याच्या डोक्याले साबन हाय अजून. किती वेळ उभं ठेवता?"

"राहू दे उभा," भाऊ म्हणाले. "वाफा भरला हाय. वापसा आला का सोडतो."